पाकळ्यांमागची फेरी : ४८ पैकी ३१ चौकोन

फुलांच्या ग्रॅनी स्क्वेअरचे, म्हणजे क्रोशाने मध्यापासून बाहेर फेऱ्या घालत विणलेल्या चौकोनांचे, ब्लँकेट विणायला घेतल्यापासून हा अकरावा आठवडा आहे. एका ओळीत ६ चौकोन आणि अशा ८ ओळी, असा एकूण ४८ चौकोनांचा आराखडा आहे. त्यांपैकी ३१ चौकोन विणून, ओले करून, टाचण्यांनी ताणून वाळवून झाले आहेत. प्रत्येक चौकोन ताणल्यावर १२ सेंटिमीटरचा भरतो, म्हणजे कडेची पट्टी सोडून ब्लँकेट साधारण ७२ बाय ९६ सेंटिमीटरचे होईल. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र एकही चौकोन ठेवण्याजोगा झाला नव्हता. त्या काळात सहा नमुने विणून उसवले आणि त्यातून जे हाती लागले ते आधी सविस्तर लिहिते, कारण पुढचे काम बरेचसे सरळ चालले आहे.

सूत ८ प्लाय जाडीचे कॉटन आणि क्रोशाची आकडेदार सुई ३.५ मिलिमीटरची आहे. फुलाचा मध्य पिवळा, पाकळ्या गुलाबी, जांभळ्या किंवा केशरी, त्यामागे हिरवा आणि बाहेर मोतिया पांढरा. टाक्यांची नावे प्रत्येकाकडे थोडी वेगळी असतात म्हणून माझी सांगून ठेवते. सुईवरच्या घरातून, म्हणजे फासातून, नुसते सूत ओढून घेतले की साखळी. सुईवर आधी वेढा न घेता सूत ओढून, दोन्ही घरे एकदम सोडवून होणारा आखूड टाका म्हणजे मुका खांब. सुईवर एक वेढा घेऊन, सूत ओढून, तिन्ही घरे एकदम सोडवली की अर्धा खांब, आणि दोन-दोन करून दोनदा सोडवली की खांब. इंग्रजी आकृतिबंध (विणीच्या लेखी सूचना) वाचणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे की माझ्या मुक्या खांबाला अमेरिकी पद्धतीत सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. आकृतिबंधात सिंगल क्रोशे हा शब्द दिसला, तर तो अमेरिकी पद्धतीने लिहिलेला आहे असे धरून चालावे.

पहिले दोन नमुने सहा पाकळ्यांचे होते. साखळीच्या वेटोळ्यात १२ खांब घातले की चकती अगदी सपाट बसते आणि दोन खांबांवर एक अशा सहा पाकळ्या सहज होतात, म्हणून तिथून सुरुवात केली. फूल सुरेख झाले, पण त्याभोवती चौकोन धरताना चार कोपरे सहा पाकळ्यांत वाटायचे कसे, हा प्रश्न आला. दोन कोपरे पाकळीच्या मागे आणि दोन पाकळ्यांच्या मधोमध घेतले, तर चौकोनाच्या दोन बाजू लांब आणि दोन आखूड झाल्या. ताणून वाळवल्यावरही तो फरक नजरेला जाणवत राहिला. सहा पाकळ्यांचे फूल षट्कोनालाच शोभते आणि आफ्रिकन फ्लॉवर नावाचा प्रसिद्ध नमुना षट्कोनी आहे तो त्यामुळेच. चौकोनासाठी पाकळ्या चार, आठ किंवा बारा हव्यात. चारचे फूल मला फार उघडे वाटले आणि बाराचे या सुतात दाट झाले, म्हणून आठ ठरवल्या.

आठ पाकळ्यांसाठी मध्यात १६ खांब लागतात. मॅजिक रिंग (टोक ओढून आवळता येणारे सुताचे वेटोळे) पूर्ण आवळून त्यात १६ खांब घातले, तर ते एकमेकांवर चढतात आणि मध्य टेकडीसारखा वर येतो. मॅजिक रिंगला पर्याय म्हणून ५ साखळ्या जोडून वेटोळे केले आणि त्यात खांब घातले, तेव्हा मध्ये लहानसे छिद्र राहिले, पण चकती टेबलावर पूर्ण टेकली. मध्ये छिद्र नको असणाऱ्यांनी मॅजिक रिंग घ्यावी, मात्र ती पूर्ण न आवळता थोडी सैल ठेवावी आणि टोक आतून दोनदा फिरवून पक्के शिवावे.

दुसरी फेरी पाकळ्यांची, आणि ती सोपी आहे : एका खांबावर १ मुका खांब, पुढच्या खांबावर १ अर्धा खांब, ३ खांब, १ अर्धा खांब, आणि हेच आठ वेळा. पहिल्या फेरीच्या सुरुवातीला खांबाऐवजी आपण ३ साखळ्या घेतो. तो खोटा खांब पाकळीखाली येईल अशा बेताने पाकळ्यांना सुरुवात करावी. तो मुक्या खांबाखाली आला, तर पुढच्या फेरीत सुई त्या साखळीला वळसा घालते, साखळी ताणली जाते आणि त्या जागी पिवळ्यात एक फट दिसू लागते. मला हे चौथ्या नमुन्यात कळले.

आता तिसरी फेरी, म्हणजे पाकळ्यांच्या मागची. माझ्या अनुभवाप्रमाणे हा चौकोन चांगला होणार की नाही ते इथेच ठरते, आणि पूर्ण झाल्यावर समोरून या फेरीचा एकही टाका दिसत नाही. फूल उठावदार दिसायचे असेल, तर पुढचे टाके पाकळ्यांच्या माथ्यावर घालून चालत नाही. तसे केले की पाकळ्या बाहेरच्या बाजूला खेचल्या जातात आणि फुलाचे नुसते कंगोरेदार वर्तुळ उरते. म्हणून पाकळ्या पुढे दुमडून धरायच्या आणि हिरव्या सुताने, दोन पाकळ्यांमधल्या मुक्या खांबाच्या खाली जो पिवळा खांब आहे, त्याच्या दांड्याला मागून वळसा घालून मुका खांब घालायचा. सुई मागून पुढे येते, दांड्यावरून जाते आणि पुन्हा मागे शिरते. असे दोन मुके खांब ३ साखळ्यांच्या कमानीने जोडत गेले की पाकळ्यांमागे आठ कमानी तयार होतात.

या कमानीत साखळ्या किती घ्याव्यात यावर माझे तीन नमुने गेले. दोन साखळ्या घेतल्या तर हिरवी फेरी फुलाला आवळते आणि पुढच्या दोन फेऱ्यांत चौकोनाची वाटी होते. ती ताणून सपाट करता येते, पण एकदा धुतली की पुन्हा कडा वर उचलते. चार साखळ्यांनी उलट झाले : कमानी लोंबू लागल्या, चौथ्या फेरीला लाटा आल्या आणि पाकळ्यांच्या मागून हिरवे सूत सैल डोकावू लागले. तीन साखळ्यांवर चौकोन आपोआप सपाट झाला. हा आकडा माझ्या हाताचा आणि या सुताचा आहे. ज्यांचा हात सैल आहे त्यांना कदाचित दोनच साखळ्या बसतील, म्हणून चौथी फेरी झाल्यावर चौकोन हाताने न दाबता टेबलावर ठेवून पाहावा. तो स्वतःहून टेकला पाहिजे.

चौथ्या फेरीत वर्तुळाचा चौकोन होतो. एका कमानीत ३ खांब, पुढच्या कमानीत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, आणि असे आलटून पालटून चारदा. दुहेरी गुच्छ तिथे कोपरा. कमानी पाकळ्यांच्या मागे असल्याने चार पाकळ्यांची टोके कोपऱ्यांकडे आणि चारांची बाजूंच्या मध्याकडे वळतात. ही मांडणी मला इतकी आवडते की प्रत्येक चौकोनाची चौथी फेरी संपली की क्षणभर थांबून तो पाहतेच. इथे प्रत्येक बाजूला ९ खांब असतात, म्हणजे साध्या ग्रॅनी स्क्वेअरची तिसरी फेरी संपल्यावर जेवढे असतात तेवढेच. पुढे सगळे नेहमीच्या ग्रॅनीसारखे : पांढऱ्या सुताने पाचव्या फेरीत बाजूला १२ खांब, सहाव्या फेरीत १५, आणि सातवी फेरी मुक्या खांबांची, जिच्यात कोपऱ्याच्या जागी १ मुका खांब, २ साखळ्या, १ मुका खांब येतो. त्यामुळे प्रत्येक बाजूला १७ मुके खांब होतात आणि शिवताना मोजायला ते फार उपयोगी पडतात.

सर्व फेऱ्या एकाच दिशेने विणत गेल्यास चौकोन किंचित पिळल्यासारखा दिसतो, कारण टाक्याचा माथा त्याच्या दांड्याच्या बरोबर वर न बसता थोडा बाजूला बसतो आणि हा फरक फेरीगणिक साठत जातो. फुलाच्या फेऱ्यांना पालटून चालत नाही, पण पाचवी फेरी मी चौकोन पालटून मागच्या बाजूने विणते आणि सहाव्या फेरीला पुन्हा सरळ करते. पीळ पूर्ण जात नसला तरी उरलेला ताणून वाळवताना निघतो. शिवाय प्रत्येक फेरी वेगळ्या कोपऱ्यात सुरू केली की सुरुवातीच्या साखळ्यांचा सांधा एकाच रेषेत येत नाही.

सातव्या-आठव्या चौकोनापर्यंत मापाचा त्रास होता. पहिला चौकोन न ताणता १२ सेंटिमीटरच्या वर गेला होता आणि आठवा जेमतेम ११ चा झाला. सुई तीच आणि सूत तेच होते, फक्त सकाळी विणलेले मोठे आणि रात्री दमून विणलेले घट्ट झाले होते. तेव्हापासून चौथ्या फेरीनंतर मोजपट्टी लावते. बाजू साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असेल तरच पुढे जाते, नाहीतर हिरवे उसवून पुन्हा घालते. एक फेरी उसवायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि पूर्ण चौकोन मापात नसेल तर तो शिवताना शेजारच्या चौकोनालाही ओढतो.

सुताचा हिशेब वजनकाट्यावर केला. एका चौकोनाला पिवळे साधारण १ ग्रॅम, पाकळीचा रंग अडीच, हिरवे अडीच आणि पांढरे ७ ग्रॅम लागते. म्हणजे पाकळीच्या प्रत्येक रंगाचे १६ चौकोन ४० ग्रॅममध्ये बसतात आणि ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरतो. पांढरे मात्र चौकोनांनाच ३३६ ग्रॅम लागणार आहे, आणि शिवण व कडेची पट्टी धरून मी एकाच रंगतुकडीचे (एकाच वेळी रंगवलेले) ९ गुंडे आधीच घेऊन ठेवले. लेबलावरचा रंगतुकडीचा क्रमांक पाहणे पांढऱ्यासाठीही आवश्यक आहे. वेगळ्या तुकडीचा पांढरा शेजारी आला की एक पिवळट आणि एक निळसर दिसतो.

नुकसान झाले ते जांभळ्या रंगामुळे. तिसरा जांभळा चौकोन ओला करून टाचला आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या सुतावर फिकट जांभळी छटा उतरलेली होती. ती धुऊन गेली नाही आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटले, कारण विणकाम म्हणून तो तोपर्यंतचा सर्वांत नीटनेटका चौकोन होता. मग उरलेले जांभळे सूत लच्छ्या करून, पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा गुंडाळले. गडद सुताचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवण्याची चाचणी आता प्रत्येक रंगाची करते. ती विणायला बसण्यापूर्वीच करायला हवी होती.

कॉटन ओले करून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, १२ सेंटिमीटरचा चौकोन आखलेल्या फोमवर टाचते. आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य. पाकळ्या ओल्या असतानाच बोटाने उचलून ठेवते, नाहीतर त्या चपट्या वाळतात. अॅक्रिलिक लोकर वापरणाऱ्यांनी मात्र इस्त्री टेकवू नये आणि वाफही जपून द्यावी. जास्त उष्णतेने ते सूत कायमचे लुळे पडते आणि फुलाचा उठाव परत येत नाही.

चार रंगांच्या सुरुवातीची आणि शेवटची मिळून प्रत्येक चौकोनात ८ टोके राहतात, म्हणजे ४८ चौकोनांत ३८४. सुरुवातीचे टोक शक्यतो त्याच फेरीच्या टाक्यांखाली घेऊन विणते आणि उरलेले शिवणाच्या सुईने तीन वेळा दिशा बदलून दडवते. एकाच दिशेने ओढलेले टोक धुण्यात सरकते. पिवळे टोक पिवळ्यात आणि हिरवे हिरव्यातच जिरवावे लागते, कारण पांढऱ्यातून ते लगेच दिसते. प्रत्येक चौकोन टाचण्यापूर्वी हे काम संपवायचे असा नियम आहे आणि तो आजवर मोडलेला नाही.

या आठवड्यात ४ चौकोन घेऊन जोडणीचे तीन प्रकार करून पाहिले. मुक्या खांबांनी जोडले की चौकोनांमध्ये उंच वरंबा येतो. काही नमुन्यांत तो शोभतो, पण इथे फुलाच्या उठावाशी भांडतो. स्लिप टाक्याची (सूत सगळ्या घरांतून एकदम ओढून होणाऱ्या, उंची नसलेल्या टाक्याची) जोडणी सपाट झाली, पण ताठ. मोठ्या सुईने घालूनही तिच्यात हवी तेवढी लवचीकता आली नाही. तिसऱ्या प्रकारात बोथट टोकाच्या सुईने, दोन्ही चौकोनांच्या टाक्यांचे फक्त मागचे पदर घेत, वरून वेढे देत शिवले. समोरचे पदर मोकळे राहिल्याने प्रत्येक चौकोनाभोवती पांढरी बारीक चौकट उमटली आणि शिवण हातात मऊ राहिली, म्हणून हाच प्रकार नक्की केला आहे. आधी ७२ सेंटिमीटरच्या ७ आडव्या शिवणी आणि मग ९६ सेंटिमीटरच्या ५ उभ्या, म्हणजे जवळजवळ १० मीटर शिवण होते. लांबीच्या तिप्पट सूत धरले तर त्याला ३० मीटर लागेल.

रंगांची मांडणी तिरकी ठेवली आहे. पहिली ओळ गुलाबी, जांभळा, केशरी या क्रमाने दोनदा, आणि पुढची प्रत्येक ओळ एका घराने सरकवलेली, त्यामुळे एकच रंग शेजारी किंवा वर-खाली येत नाही. गुलाबीचे सोळाही चौकोन झाले आहेत, केशरीचे १० आणि जांभळ्याचे ५. डाग पडलेला जांभळा चौकोन या ३१ मध्ये धरलेला नाही. जांभळ्या गुंड्याचे वजन आज पुन्हा केले तेव्हा ३४ ग्रॅम भरले, आणि राहिलेल्या ११ चौकोनांना साडेसत्तावीस ग्रॅम लागतील.