पाच घरांची गाणी, दोन ढोलक्या

आमचा गाण्याचा गट कसा उभा राहिला, असं नागपुरातले ओळखीचे लोक पुन्हापुन्हा विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. आम्ही पाच जण. पोटापाण्यासाठी पाचही जण दुसरं काहीतरी करतो, आणि गाणी प्रत्येकाच्या घरची वेगळी.

मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. शिक्षिका आहे. माझा आजा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या रात्रींची गाणी मी त्याच्या तोंडून ऐकली. मुलींच्या भुलाबाईच्या खेळाची गाणी मात्र सासूबाईंनी शिकवली, नागपूरच्या महाल भागातल्या घरी. खंजिरीवाले काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे मोझरीच्या बाजूचे. तुकडोजी महाराजांची भजनं त्यांना किती पाठ आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही. ढोलकीवाला दादा रामटेककडचा, तीन पिढ्यांचं खडी गंमतीचं, म्हणजे विदर्भातल्या तमाशाचं, घर; तो इतवारीत मालवाहू गाडी चालवतो. नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या ताई भीमगीतं गातात. त्यांचे वडील 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला, होते. आणि सर्वांत लहान, गडचिरोलीचा गोंड मुलगा, इथे वकिलीचं शिक्षण घेतो.

एका वस्तीतल्या 14 एप्रिलच्या कार्यक्रमात ताई गात होत्या आणि दादा ढोलकीवर होता, तिथे आमची ओळख झाली. काकांना मी आणलं, मुलाला ताईंनी. इथपर्यंत सगळं सोपं होतं.

पहिला पेच सुराचा. काका पेटीवरच्या काळी एक पट्टीत गातात, ताई बऱ्याच चढ्या काळी पाचमध्ये. मधली पट्टी धरून पाहिली, तर काकांचा आवाज चिरायचा आणि ताईंचा बसायचा. ढोलकीचं शाईचं तोंड षड्जात, म्हणजे गाण्याच्या 'सा'मध्ये, मिळवलेलं असतं. दर गाण्याला ते चढवायचं-उतरवायचं म्हटलं की कार्यक्रमाचा निम्मा वेळ दोऱ्या ओढण्यातच जाणार. शेवटी दादानं दुसरी ढोलकी आणली. एक काळी एकला, एक काळी पाचला. गाण्यांचा क्रम असा लावला की पट्टी एकदाच बदलावी लागेल. ज्याच्या घरचं गाणं त्याची पट्टी, बाकीच्यांनी पालुपदाला आपापल्या सप्तकात उतरायचं. पावसाळ्यात काकांच्या खंजिरीचं चामडं सैल पडतं, तेव्हा ती गरम दिव्याजवळ धरून शेकावी लागते. तेवढा वेळ माझा आवाज कामी येतो.

तालमीची जागाही सहज मिळाली नाही. आमच्या गच्चीवर सुरू केलं, पण खालच्या मजल्यावर परीक्षेची मुलं होती, त्यांचं बरोबरच होतं. मग ताईंच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीनं बाजूची खोली दिली. तिथे काय वाजवावं, काय नाही, हे काकांनी आपण होऊन विचारलं. त्यांनी गावस्वच्छतेची आणि व्यसनमुक्तीची भजनं काढली. समितीतले एक म्हातारे गृहस्थ तर पहिल्या दिवसापासून टाळ धरून बसायला लागले.

खरी परीक्षा पुढे होती. खडी गंमत गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं, सुरू होते. दादा म्हणाला, "गणाशिवाय गंमत उभीच राहत नाही वो ताई." ताईंच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत आणि त्यातली तिसरी गौरी-गणपतीला देव न मानण्याची आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमी गा, मी ऐकीन. पण माह्या तोंडातून गण येनार नाही." दोघांपैकी कोणीही हट्टानं बोलत नव्हतं, म्हणूनच तोडगा काढणं अवघड होतं. दादासाठी तो आजोबांचा रिवाज, ताईंसाठी वडिलांनी घेतलेला शब्द. त्यानंतर काही आठवडे तालमी झाल्या, पण कार्यक्रमाची सुरुवात कशी करायची हा विषय कोणी काढत नव्हतं.

वाट काकांनी काढली. "आधी वाजवा. बोलाचं मंग पाहू." म्हणजे सुरुवातीला शब्दच नाहीत: फक्त ढोलकी आणि खंजिरी, समोरासमोर. त्यातून पहिलं गाणं उचलायचं. गण आपल्या जागी, म्हणजे दादाच्या गंमतीच्या आरंभी. त्या वेळी ताई मंचावरच बसतात, गात नाहीत. ताईंच्या भीमगीताला दादा जी ढोलकी वाजवतो ती ऐकावी; गंमतीतही तो तितका रंगत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाचं काही कापून सगळ्यांना चालेल असं गुळमुळीत गाणं करायचं नाही, हे त्या दिवशी ठरलं आणि मला ते आजही योग्य वाटतं.

गोंडी गाण्यांचं वेगळंच. मुलाला आम्ही म्हटलं, तू एक रेला गीत गा. तो म्हणाला, "एकट्यानं गात नसते हे. रांगेत गातात, हात धरून." मग आम्ही सगळे शिकलो, तो एकेक ओळ सांगायचा, अर्थ सांगायचा, उच्चार पुन्हापुन्हा करून घ्यायचा. कुठली गाणी मंचावर आणायची ते त्यानं गावातल्या जाणत्यांना विचारून ठरवलं. लग्नातली गाणी लग्नातच राहतील, असं तिकडून आलं, आणि आम्ही ती मागितली नाहीत. मोरपिसं लावून नाचायला एका आयोजकानं सांगितलं, तेव्हा त्यानं नकार दिला; आम्ही सगळ्यांनीच तो कार्यक्रम सोडला.

पैशाचं लवकर ठरलं: प्रवासखर्च वजा करून पाच सारखे वाटे, मोठ्या-लहानाचा भेद नाही. पण मानधनाचा धनादेश गटाच्या नावाचा येऊ लागला आणि खातं कोणाचंच नव्हतं. संस्था म्हणून नोंदणी करावी, तर 1860 च्या कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात. आम्ही पाच. तात्पुरता भागीदारीचा करार करून बँकेत खातं उघडलं.

पहिला आमचा असा पूर्ण कार्यक्रम कोजागिरीला झाला, महालातल्या एका वाड्यात. भाद्रपद पौर्णिमेला बसवलेल्या भुलाबाईची त्या रात्री पाठवणी असते, म्हणून शेवट भुलाबाईच्या गाण्यांनी केला. मी एक कडवं म्हटलं तशी मागच्या रांगेतून एक सासू-सून उठल्या. "आमच्या इकडे हे असं म्हणत नाहीत," असं म्हणत दोघींनी आपला पाठ म्हणून दाखवला. तो आमच्यापेक्षा लांब होता आणि चालही अधिक गोड होती. खिरापत वाटून होईपर्यंत त्यांना आम्ही मंचावरून उतरूच दिलं नाही.

त्या दोघी आता आमच्यात आहेत. सात झाले, म्हणून संस्थेच्या नोंदणीचे कागद काढले आहेत. नियमावलीत 'उद्देश' लिहायचे आहेत. मसुदा वकिलीवाल्या मुलाकडे आहे. पहिल्या उद्देशाच्या वाक्यावर दादा आणि ताई दोघांचीही सही होईल, तेव्हाच अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाईल.