चार्ल्स्टनचं सूप

बोट सकाळी धक्क्याला लागली आणि साडेचारच्या आत परत या, असं बजावून आम्हाला सोडण्यात आलं. साउथ कॅरोलायनामधलं चार्ल्स्टन. मुलाने यादी करून ठेवली होती आणि यादीत सगळ्यात वर होतं सूप. मादी-खेकड्याचं, क्रीम घातलेलं, वरून थोडी शेरी. मादीच का, हे तो मला समजावून सांगायला लागला. म्हटलं, बाबा रे, कुर्ली उलटी करून पोटावरची पाकळी रुंद आहे की अरुंद, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघत आलेय. लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली कुर्ली सोडून दुसरी घेतली, तर आजी घरात घेत नसे.

सूप चांगलं होतं. पण ते राहू दे.

आधी शहर पाहिलं. ईस्ट बे स्ट्रीटवर तेरा रंगीत घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, त्यांच्यासमोर फोटो काढले. जुन्या भिंतींवर बिल्ल्यासारख्या लोखंडी चकत्या दिसल्या. १८८६च्या भूकंपानंतर भिंतींतून आरपार सळया घालून घरं आवळली, त्यांची ही टोकं. बग्ग्यांच्या घोड्यांना चक्क लंगोट बांधलेले, त्यावर नात अर्धा तास हसत होती. मला आवडल्या त्या तिथल्या पडव्या. ही घरं रस्त्याकडे तोंड करत नाहीत, कूस करतात. एका खोलीच्या रुंदीची, आत लांबच लांब गेलेली. रस्त्यावरचं दार उघडलं की पाय घरात नाही, पडवीत पडतो. खरं घर पुढे, अंगचोरासारखं.

मग सिटी मार्केट. लांब, बसक्या छपराखाली दुकानं आणि त्यांच्यात टोपल्या घेऊन बसलेल्या कृष्णवर्णीय बायका. मला बाजारात भाव विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, घ्यायचं असो वा नसो. तळहाताएवढ्या टोपलीचे साठ डॉलर! सुनेने माझा दंड दाबला. मी गप्प बसले आणि त्या बाईचे हात बघत राहिले. स्वीटग्रास नावाच्या गवताची दोरीसारखी वळी ती गोल गोल फिरवत होती आणि पामच्या पानाच्या पट्टीने एकेक फेरा मागच्या फेऱ्याला टाचत होती. म्हणजे हे विणणं नव्हेच, शिवणं. हातात दाभणही नाही. जुन्या चमच्याचा दांडा घासून चपटा केलेला, त्यानेच भोक पाडायचं.

तिच्या मागे एक मोठं, पसरट, उथळ ताट भिंतीला टेकवलेलं होतं. हे कशाला? तर म्हणाली, भात पाखडायला. तिची पणजी त्यात पाखडायची.

"अहो, सूप!" मी ओरडले. ह्यांना वाटलं, पुन्हा भूक लागली.

आमचं सूप बांबूचं, तीन बाजूंनी काठ आणि पुढे मोकळं. हे गवताचं आणि गोल. पण मनगटाचा झटका तोच असणार. मला तो कधीच नीट जमला नाही. घोळून खडे काढणं जमायचं; पाखडायला गेले की कोंड्याबरोबर तांदूळही खळ्यात आणि कोंबड्यांची चंगळ. आजी म्हणायची, "सुपाक धरून ठेवू नको, नाचूक दे." भर दुपारी खळ्यातून तिचा आवाज यायचा. सुपाचा म्हणतेय मी. फट्, फट्, मग एक लांब सळसळ. त्या आवाजावर मला झोप लागायची. रिकामं सूप हलवलं, तर मात्र पाठीत धपाटा. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

चार्ल्स्टनची श्रीमंती भाताची. बांधाला दारं बसवून भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं, अशी खाचरं, जवळजवळ आपल्या खाजणांसारखी. ती खणली, लावली, झोडली ती आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी. त्यांतले कितीतरी मुळात भात पिकवणाऱ्या मुलखातलेच. येताना सामान काहीच नव्हतं. पण टोपली करायची कशी आणि पाखडायचं कसं, हे हातात होतं, ते कोण काढून घेणार?

शेवटी चाल्मर्स स्ट्रीटवरच्या गुलामांच्या बाजाराच्या इमारतीत गेलो. आता तिथे संग्रहालय आहे. १८५६ साली शहराने रस्त्यावर माणसं विकायला बंदी केली. विकायला नाही, रस्त्यावर विकायला. मग लिलाव छपराखाली आले. मी ते वाक्य दोनदा वाचलं. जवळच गॅड्सडेन्स व्हार्फ म्हणून जागा आहे, गुलामांची जहाजं जिथे लागायची तो धक्का. तिथे २०२३ साली मोठं संग्रहालय उघडलं. अख्खी इमारत खांबांवर उचललेली आहे, जमिनीला टेकवलेलीच नाही. आमची बोटही त्याच किनाऱ्याला, थोडी अलीकडे, बांधलेली होती. पांढरीशुभ्र, वर पोहण्याचा तलाव.

साठ डॉलरची टोपली घेतली. घासाघीस केली नाही.

रात्री केबिनमध्ये ती दोन्ही हातांत धरून मनगटाला झटका देऊन पाहिला. एकदा, मग पुन्हा. ह्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं. "काय पाखडतेस गं?"

त्यात काहीच नव्हतं. पाठीवर हात मारायलाही कुणी नव्हतं.