आसगंधेची नोंद: पेरणीपासून चूर्णापर्यंत

मुळं वाळली. ९ रोपांची ओली मुळं १४६ ग्रॅम भरली होती, सावलीत वाळून ४९ ग्रॅम राहिली. आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णाची मात्रा रोज ३ ते ६ ग्रॅम दिली आहे, म्हणजे सहा महिन्यांची मेहनत फार तर सोळा दिवस पुरणार. कुंडीत आसगंध, म्हणजेच अश्वगंधा, लावणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मनात ठेवावा.

पेरणी दोनदा करावी लागली. पहिल्या वेळी बी रात्रभर भिजवून सेंटीमीटरभर खोल टाकलं, दहाव्या दिवशी अंकुर दिसले आणि आनंदाच्या भरात मी रोज पाणी घालत गेले. आठवड्याभरात रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. दुसऱ्या वेळी मातीत निम्मी वाळू मिसळली आणि वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. मग एकही रोप गेलं नाही. आसगंधेला उपासमार सोसते, ओल सोसत नाही.

मध्ये एकदा पानांची जाळी झाली. शिरा तेवढ्या शिल्लक आणि पानाखाली पिवळट, काटेरी अळ्या. जवळच लालसर, ठिपक्यांचा भुंगा होता. हा मावा खाणाऱ्या लेडीबर्डसारखा दिसतो, म्हणून मी आधी त्याला हातही लावला नव्हता. नीट पाहिलं तर अंग मळकट, बारीक लव असलेलं आणि पाठीवर २८ ठिपके. वांग्यावर येणारा तोच. आसगंधही वांग्याच्याच कुळातली, तेव्हा नवल नाही. रोज सकाळी पानं उलटी करून अळ्या वेचल्या आणि दोन आठवड्यांत त्रास संपला.

काढणी केली १७४ व्या दिवशी. खालची पानं गळत होती आणि कागदी पिशव्यांतली फळं शेंदरी-लाल झाली होती. कुंडी आडवी करून माती सैल केली, मूळ ओढलं आणि आधी आला तो वास: ओला, उग्र, थेट तबेल्याचा. नाव कशावरून पडलं ते मला तेव्हा खरं कळलं. वाळल्यावर हा वास बराच उतरतो. चांगलं मूळ वाकवलं की कटकन तुटतं आणि आत पांढरंशुभ्र, पिठूळ असतं. माझ्या दोन मुळांना फाटे फुटून ती दोऱ्यासारखी झाली होती, कारण त्या कुंड्या उथळ होत्या.

आता घेण्याविषयी. रोपं वाढत होती तेव्हाच मी विकतचं मुळाचं चूर्ण सुरू केलं होतं, डॉक्टरांशी बोलून. थायरॉइडची किंवा झोपेची औषधं चालू असतील, यकृताचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर हे आपल्या मनाने घेऊच नये. ३ ग्रॅम कोमट दुधातून, रात्री, आठ आठवडे. वहीत रोज तीनच गोष्टी लिहिल्या: झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी छातीत धडधड होती का. पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही. चौथ्या आठवड्यापासून पहाटे तीनची जाग आठवड्यातून पाच वेळांवरून दोनवर आली. धडधड कमी व्हायला सहावा आठवडा उजाडला. पोट पहिले काही दिवस जड राहायचं, जेवणानंतर घेऊ लागल्यावर थांबलं.

हा सगळा गुण चूर्णाचा, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्याच काळात संध्याकाळचा फोन बाजूला ठेवून मी कुंड्यांपाशी बसायला लागले होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६४ जणांच्या चाचणीत ६० दिवसांत तणाव आणि कॉर्टिसॉल (तणावात वाढणारं संप्रेरक) दोन्ही उतरल्याचं दिसलं. पण तिथे ३०० मिलिग्रॅमचा अर्क दिवसातून दोनदा दिला होता. अर्क आणि साधं चूर्ण एकाच मापाने मोजायचं, ही गफलत आपल्यापैकी बरेच जण करतात. पानांचा काढाही मी टाळते, कारण पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना मारक ठरू शकणारं द्रव्य मुळापेक्षा जास्त असतं.

सध्या महिनाभर बंद ठेवलं आहे, वही मात्र चालू आहे. तिसऱ्या आठवड्यात पहाटेची जाग पुन्हा दोनदा आली, त्याहून जास्त नाही. महिना संपला की घरचं चूर्ण सुरू करेन. सर्वांत लाल फळांचं बी धुऊन, वाळवून कागदाच्या पुडीत ठेवलंय. पुढच्या खेपेला दीड फूट खोल कुंड्या आणि एका कुंडीत एकच रोप.