मुलीचं खातं, बापाचं कपाट

मुलगी कमावती झाली की बऱ्याच बापांना एक गोष्ट उशिरा खटकते: तिच्यासाठी पैसे साठवले, पण ते हाताळायला तिला कधी दिलेच नाहीत.

पोस्टातलं सुकन्या समृद्धी खातं घ्या. मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत उघडायचं, वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, असं १५ वर्षं भरायचं. मुदत खातं उघडल्यापासून २१ वर्षं. एखादं वर्ष राहिलं तर त्या वर्षाचे २५० आणि वर ५० रुपये दंड. हे सगळं बापाला तोंडपाठ! मुलगी १८ची झाली की केवायसी करून कारभार तिच्याकडे द्यायचा असतो, ते मात्र राहून जातं. पासबुक कपाटातच.

दहावी झाल्यावर किंवा १८ पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्या शिलकीपर्यंत रक्कम काढता येते. पण ‘ते लग्नाचे आहेत’ म्हणून त्याला हात लावायचा नाही आणि फीसाठी कर्ज काढायचं. हा हिशेबच उलटा.

१० वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवायचं बचत खातंही मिळतं. व्यवहाराची मर्यादा बँक ठरवते. पैसे काढायची स्लिप तिलाच भरू द्या. अक्षरी रक्कम चुकेल, सही नमुन्याशी जुळणार नाही, स्लिप परत येईल. येऊ द्या. फक्त काउंटरवर तिच्या आधी तुम्ही बोलू नका.