सुट्टे पैसे

एसटीच्या कंडक्टरला जगात दोनच जातीची माणसं दिसतात, असं आमचे अण्णा म्हणत. एक सुट्टे देणारी आणि दुसरी शंभराची नोट काढून खिडकीबाहेर बघणारी. अण्णा वाई डेपोत कंडक्टर होते. पसरणीचा घाट चढण्या-उतरण्यातच त्यांची नोकरी सरली. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं आणि तेव्हा त्या टप्प्यांचे आकडे असे अडनिडे असायचे की, सकाळच्या पहिल्या फेरीलाच चिल्लर संपायची. मग तिकिटाच्या पाठीमागे बाकी लिहून द्यायची आणि सांगायचं, "उतरताना मागून घ्या." माणसं विसरायची, अण्णा नाही. पाचगणीला घाईत उतरलेल्या एखाद्याला दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर हाक मारून ते बारा आणे हातावर ठेवायचे.

यात प्रामाणिकपणा होताच, पण धाकही होता. कंडक्टरच्या बॅगेत पैसे कमी भरले तर ते पदरचे घालायचे. जास्त भरले तर त्याहून वाईट. म्हणून ड्यूटीवर निघताना खिशात स्वतःचे किती आहेत, तेही आधी लिहून द्यावं लागायचं. लहानपणी मला यातलं काही कळायचं नाही. स्टँडवर भेळेसाठी हट्ट धरला, की अण्णा म्हणायचे, "ड्यूटीवर नाही." पैशांनी फुगलेली चामडी बॅग गळ्यात घालून हिंडणारा बाप पोराला एक भेळ घेऊन देत नाही, याचा मला भयंकर राग यायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तेच अण्णा, धुतलेला सदरा घालून, मला गणपती घाटावर न्यायचे आणि दोन भेळी घ्यायचे. एक त्या दिवशीची, एक राहिलेली. बाकी चुकती.

मुक्कामी गाडीमुळे आमच्या वाट्याला ते तसे कमीच आले. भरपाई झाली ती नातीची. 2005 साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी माझी मुलगी जन्मली. ती बोलायला लागल्यावर आमच्या अंगणातल्या पायऱ्यांची गाडी झाली. बुटाच्या खोक्याच्या झाकणाचा ट्रे, जुन्या कॅलेंडरची तिकिटं, पंचिंगची टिकटिक आबांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, जिभेची. गाडी कुठली, तर वाई-महाबळेश्वर. दुसरी कुठली त्यांना सुचायचीच नाही. ती पाच वर्षांची झाली त्या दिवशी ओवाळून होताच त्यांनी जाहीर केलं, "आजपासून हाफ तिकीट." ती इतकी खूश झाली, की केक कापायचा राहिला.

तिकिटासाठी पैसे खरे लागायचे. आबांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात पाच पैशांपासून सगळी नाणी. 30 जून 2011 नंतर चार आणे आणि त्याखालची नाणी सरकारने बंद केली, पण आमच्या पायऱ्यांवर ती चालत राहिली. आबा मुद्दाम एक नाणं कमी परत करायचे. तिच्या लक्षात आलं तर ठीक, नाही तर पुढच्या थांब्यावर चेकिंग! वजाबाकी ती शाळेच्या आधी या गाडीत शिकली. मला शिकवताना एवढा धीर त्यांनी दाखवला असता तर, असं मला कधीकधी वाटून जायचं. पण ते असो.

2022 च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली. अण्णा नुकतेच त्यात बसत होते. शून्य रुपयांचं ते तिकीट उतरेपर्यंत त्यांच्या मुठीत असायचं. "फुकट म्हणजे विनातिकीट नव्हे," हे त्यांनी किती सहप्रवाशांना ऐकवलं असेल, देव जाणे. डोळे तपासायला साताऱ्याला जायचं तर मी गाडी काढायचो आणि ते स्टँडकडे चालू लागायचे. बसायचं कंडक्टरच्या शेजारी. कोणी पाचशेची नोट काढली की, कंडक्टरच्या आधी यांचा हात खिशात. सदऱ्याचा खिसा चिल्लरीने खाली ओढलेला असायचा. आई चिडायची, शिवण उसवते म्हणून. पण आता त्या खिशात किती आहेत, हे कोणाला लिहून द्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दिवस झाल्यावर नात पुण्याला परत निघाली, तेव्हा आईने तो डबा तिच्यापुढे ठेवला. आत अण्णांच्या अक्षरात एकूण रकमेची चिठ्ठी होती. पोरगी चहासुद्धा फोन दाखवून घेणारी. पण खाली मांडी घालून बसली आणि दहा-दहाच्या थप्प्या लावून सगळे पैसे मोजले. मग पुन्हा मोजले. चार आणे जास्त भरले.

"आबांवर केस झाली असती," ती म्हणाली, आणि पेन मागून तिने चिठ्ठीवरचा आकडा दुरुस्त केला.