गाव नसलेला संघ

2025 च्या हंगामापासून अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल लीगमध्ये एक संघ असा खेळतो आहे की ज्याच्या नावाला गावच नाही. बाकीचे एकोणतीस संघ कुठल्या ना कुठल्या शहराच्या किंवा राज्याच्या नावाने ओळखले जातात. हा मात्र नुसताच 'अ‍ॅथलेटिक्स'. सध्या तो कॅलिफोर्नियातील वेस्ट सॅक्रामेंटोमध्ये, दुय्यम लीगसाठी बांधलेल्या सुमारे चौदा हजार क्षमतेच्या मैदानावर मुक्कामाला आहे, 2028 मध्ये लास वेगासला जायचे त्याने ठरवले आहे, आणि मधल्या काळापुरते सॅक्रामेंटोचे नाव लावावे असेही त्याला वाटलेले नाही. 1968 पासून 2024 पर्यंत, म्हणजे सत्तावन्न हंगाम, हा संघ कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडचा होता. मी राहते त्या फ्रीमाँटहून बार्ट या इथल्या लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत त्याच्या मैदानाशी उतरता येत असे. मुलाच्या शाळेतील निम्मी मुले अजूनही त्या संघाच्या हिरव्या-पिवळ्या टोप्या घालून फिरतात, आणि घरी फोनवर मी हे सांगितले की आतेभाऊ विचारतो, "म्हणजे संघ विकला का?" विकलेला नाही, मालक तोच आहे, खेळाडूही बरेचसे तेच आहेत, फक्त शहर मागे पडले.

मुंबई रणजी संघ उद्या मुंबई सोडून इंदूरला निघाला तर काय होईल, याची कल्पना दादरमध्ये वाढलेल्या माणसाला करता येत नाही, कारण तो संघ कोणा एका माणसाच्या मालकीचा नाही. इथे मात्र संघ ही खाजगी मालमत्ता असते, तिला घर देण्याची जबाबदारी शहराची मानली जाते, आणि ते घर जुने झाले की मालक पहिल्यांदा दुसऱ्या शहराकडे बोट दाखवतो. थेट सांगायचे तर ही हुंड्याची बोलणी आहेत: वरपक्षाने मागणी ठेवायची, आणि शेजारच्या गावातही स्थळ पाहून ठेवले आहे हे मुलीच्या बापाच्या कानावर जाईल अशी व्यवस्था करायची. लीगने संघांची संख्या मर्यादित ठेवल्यामुळे संघ नसलेले एखादे मोठे शहर नेहमीच शिल्लक राहते, आणि धाक घालायला तेवढे पुरते. बेसबॉलच्या बाबतीत यात आणखी एक गोम आहे. 1922 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळे केले, आणि ती सवलत मोठ्या प्रमाणात आजवर टिकून आहे. सॅन होजे शहराने हा संघ आपल्याकडे यावा म्हणून 2013 मध्ये लीगवर खटला भरला, तेव्हा त्याच जुन्या सवलतीच्या आधारे तो फेटाळला गेला.

याच संघाने मधल्या काळात आमच्या फ्रीमाँटचाही उंबरठा झिजवला होता. 2006 मध्ये मोठी घोषणा झाली, नकाशे छापले गेले, आणि 2009 च्या फेब्रुवारीत संघाने माघार घेतली. त्या वेळी इथे असलेल्या मराठी मंडळींपैकी एक काका अजूनही मोठ्या अभिमानाने सांगतात की, विरोधाच्या सभेला ते ऑफिसमधून लवकर निघून गेले होते. त्यांना बेसबॉलशी काही देणेघेणे नव्हते. घरासमोरची वाहतूक, शाळांचा दर्जा आणि घराची किंमत, या तीन गोष्टींसाठी ते उभे राहिले होते. यावर कोणी हसेल, मी हसणार नाही, कारण स्टेडियमच्या बाबतीत शहराच्या सभागृहात जाऊन "आमच्या पैशाचे काय?" असे विचारणारी माणसे नेमकी हीच असतात.

ओकलंडला हा प्रश्न विचारण्याचे शहाणपण फार महागात पडलेल्या एका व्यवहारानंतर आले. रेडर्स हा तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ 1982 मध्ये लॉस एंजेलिसला गेला होता. त्याला परत आणण्यासाठी 1995 मध्ये ओकलंड शहर आणि अलमीडा काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) यांनी मिळून सुमारे 20 कोटी डॉलरचे रोखे काढले आणि दोन्ही संघांचे मैदान असलेल्या कोलिझियमच्या पूर्वेला आसनांचा एक प्रचंड काँक्रीटचा मजला चढवला. मालक अल डेव्हिस यांच्या नावावरून लोक त्याला 'माउंट डेव्हिस' म्हणू लागले, ते कौतुकाने नव्हे. त्यापूर्वी बेसबॉलच्या प्रेक्षकांना समोर ओकलंडच्या टेकड्या दिसत. त्या या भिंतीआड गेल्या. आसनांचे परवाने, म्हणजे ठरावीक आसनाचे तिकीट घेण्याचा हक्क, विकून कर्ज फिटेल हा हिशोब पहिल्या काही वर्षांतच कोसळला. बेसबॉलच्या सामन्यांना वरच्या आसनांवर ताडपत्री अंथरून ठेवावी लागे. 2020 मध्ये रेडर्स लास वेगासला निघून गेले, तरी त्या भिंतीचे हप्ते शहर आणि काउंटी फेडतच होते. अलमीडा काउंटीत कर भरणारी म्हणून त्यातला काही अंश माझ्याही खिशातून गेला असणार, आणि मी फुटबॉलचा एकही सामना आजवर शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

मैदान वाईट अवस्थेत होते हे मान्यच करायला हवे. 2013 मध्ये तिथे मैला उलटून खेळाडूंच्या खोल्यांमध्ये शिरला होता, आणि पुढे समालोचकांच्या कक्षात पॉसम नावाच्या प्राण्याने बिऱ्हाड थाटल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडे असे झाले असते तर 'तिसरे जग' म्हणून किती चित्रे छापून आली असती, हा विचार मनात आला तो मी दाबून ठेवला नाही. ऑफिसमध्ये बोलूनही दाखवला. पण मैदान गळते म्हणून संघ गेला हे सांगणे अर्धेच सत्य आहे. 2005 मध्ये लू वुल्फ यांच्यासोबत संघ विकत घेतलेले जॉन फिशर हे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. गंमत अशी की 1980 मध्ये हाच संघ ओकलंडबाहेर जाऊ नये म्हणून विकत घेणारे वॉल्टर हास हे लिव्हाईस जीन्सच्या घराण्यातले. एका कपडेवाल्याने संघ राखला आणि दुसऱ्याने हलवला, तेव्हा दोष श्रीमंतीला देऊन भागत नाही. फिशर यांच्या काळात चांगले खेळाडू एकामागून एक दुसरीकडे पाठवले गेले, 2023 मध्ये संघ 112 सामने हरला, आणि मग रिकाम्या आसनांकडे बोट दाखवून शहरालाच संघ नकोसा झाल्याचे सांगितले गेले.

ओकलंडने दार बंद केले होते, असे म्हणणेही खरे नाही. बंदरालगतच्या हॉवर्ड टर्मिनल या जागेवर मैदान, सुमारे तीन हजार घरे, दुकाने असा 1,200 कोटी डॉलरचा आराखडा वर्षानुवर्षे चर्चेत होता. रस्ते, पूल, रेल्वे ओलांडण्याची सोय अशा कामांना सरकारी निधी उभा करण्याची शहराची तयारी होती. मालकाचे मैदान करदात्यांच्या पैशातून बांधून देण्याची नव्हती. 2023 च्या एप्रिलमध्ये संघाने लास वेगासमध्ये जागेचा करार केल्याचे जाहीर करून टाकले.

त्याच वर्षी 13 जूनला प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार पुकारला. रोज काही हजार माणसे येणाऱ्या मैदानात 27,759 जण मुद्दाम जमले, हिरव्या सदऱ्यांवर 'विकून टाका' एवढेच लिहिलेले होते, आणि स्वस्त आसनांपासून प्रेस बॉक्सपर्यंत तीच घोषणा घुमत होती. मी टीव्हीवर पाहिले. शिवाजी पार्कच्या सभा पाहिलेल्या माणसालाही दाद द्यावी अशी ती शिस्त होती. त्याच रात्री नेव्हाडाच्या सिनेटने 38 कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत मंजूर केली, दोन दिवसांत राज्यपालांनी सही केली, आणि नोव्हेंबरमध्ये तिसांपैकी तिसही मालकांनी स्थलांतराला होकार दिला. नेव्हाडातील शिक्षकांच्या संघटनेने हा खर्च मतदारांसमोर नेण्यासाठी अर्ज केला होता, तो कायद्याचा पूर्ण मजकूर जोडला नाही या कारणावरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयात अडला. तांत्रिक मुद्द्यावर अर्ज निकालात काढण्याची कला आपल्याच सरकारी कार्यालयांत बहरली, असा आपला समज असतो. तो गैरसमज आहे.

स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ रॉजर नोल यांच्यासारखे अभ्यासक कित्येक वर्षे सांगत आले आहेत की, अशा मैदानांवर ओतलेला सार्वजनिक पैसा शहराला परत मिळत नाही. कारण साधे आहे: सामन्यावर खर्च करणारे कुटुंब बहुधा तोच पैसा सिनेमावर किंवा हॉटेलात खर्च करणार असते. मैदानातल्या नोकऱ्या हंगामी, पगार बेताचे, आणि मोठा नफा मालकाकडे. अर्थशास्त्रात इतके एकमत क्वचित दिसते, आणि तरीही शहरे पैसे देतच राहतात.

आता माझ्या अडचणीचा भाग. सॅक्रामेंटोचे ते छोटे मैदान ज्यांच्या ताब्यात आहे, ते विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, सॉफ्टवेअरमध्ये नाव काढलेले, आणि एनबीए या बास्केटबॉल लीगमधील संघाचे मुख्य मालक झालेले भारतीय वंशाचे पहिले गृहस्थ. 2013 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा बास्केटबॉल संघ सिएटलला निघालाच होता, तेव्हा रणदिव्यांच्या नेतृत्वाखालील गटाने तो विकत घेऊन जागेवर राखला, आणि आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात 'आपला रणदिवे' याखेरीज दुसरा विषय नव्हता. मीही त्या कौतुकात होते आणि आजही मला ते कौतुक योग्य वाटते. पण त्या राखणदारीची किंमत सॅक्रामेंटो शहराने भरली: 2016 मध्ये उघडलेल्या नव्या बंदिस्त स्टेडियमसाठी शहराने सुमारे 25.5 कोटी डॉलरचा वाटा उचलला, तोही मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नावर भिस्त ठेवून. आणि सिएटल तरी संघाच्या शोधात का होते? त्यांचा स्वतःचा संघ 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला होता, कारण सिएटलने नव्या स्टेडियमला पैसे द्यायचे नाकारले होते.

म्हणजे जे रणदिवे एका शहराचा संघ वाचवणारे, तेच आता दुसऱ्या शहरातून निघालेल्या संघाला, बातम्यांनुसार भाडेही न घेता, निवारा देणारे. मराठी आडनाव पाहिले की माझा हिशोब थोडा मऊ होतो हे मला कळते, आणि तरी मी म्हणेन की त्यांनी ओकलंडचा संघ ओकलंडमधून काढलेला नाही. निघालेल्या पाहुण्याला ओसरी दिली. आमच्या मंडळातल्या एका ताईंना हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. ओसरी मिळाली नसती तर पाहुणा कोलिझियममध्येच आणखी तीन वर्षे थांबला असता, असे त्या म्हणतात, आणि करारासाठी ओकलंडशी बोलणी चालू होती हे खरेच आहे.

मायदेशी परिस्थिती वेगळी आहे असे मी इथे ठासून सांगत असते. आयपीएलचे संघ मैदाने बांधून मागत नाहीत, ती राज्य संघटनांची असतात. यावर माझा नवरा, जो पुण्याचा आहे, शांतपणे विचारतो की पुणे वॉरियर्स कुठे गेले आणि त्यानंतरचा सुपरजायंट कुठे आहे. पहिला संघ 2011 ते 2013, दुसरा 2016 आणि 2017. शिवाय 2018 मध्ये चेन्नईतील कावेरी आंदोलनामुळे धोनीचा संघ गहुंज्यात खेळायला आला, तेव्हा चेन्नईहून खास रेल्वेने प्रेक्षक आले होते. मी सांगते की ते तात्पुरते होते. वानखेडेचेही तो काढतो: ब्रेबॉर्नसारखे उत्तम मैदान हाकेच्या अंतरावर असताना तिकिटांच्या वाटपावरून ते मैदान ज्यांचे, त्या सीसीआयशी (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) भांडण झाले आणि 1975 पर्यंत दुसरे मैदान उभे राहिले. हे खरे आहे, आणि तो खर्च शहाणपणाचा होता का यावर वाद घालता येईल. पण संघ मुंबईचाच राहिला.

याच टप्प्यावर तो मला हमखास विचारतो की, चांगल्या पगारासाठी मी स्वतः दादर सोडले, मग फिशर यांनी काय वेगळे केले? माझे उत्तर ठरलेले आहे. मी दादरकडून घर बांधून मागितले नव्हते, आणि मी निघाले म्हणून तिथल्या कोणाच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या नाहीत. आईबाबांच्या सोडून, आणि तो हिशोब आमच्या घरातला आहे.

26 सप्टेंबर 2024 ला कोलिझियममध्ये शेवटचा सामना झाला. 46,889 प्रेक्षक, टेक्साससमोर 3-2 असा विजय. मुलगा हट्टाने आला होता. सामना संपल्यावर लोक मैदानाची तांबडी माती कागदी पेल्यांत भरून नेत होते. त्याने मागितली आणि मी त्याला रांगेत उभे राहू दिले नाही, कारण परतीच्या गाडीला गर्दी होणार होती. आता ओकलंडमध्ये बॉलर्स नावाचा छोटा व्यावसायिक संघ रेमंडी पार्कमध्ये खेळतो, त्याने चाहत्यांनाच मालकीचे हिस्से विकले आणि 2025 मध्ये आपली लीग जिंकली. दर्जा अर्थातच खालचा आहे.

घरच्या वाचकांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. लास वेगासमधील रेडर्सच्या स्टेडियमला नेव्हाडाने दिलेले 75 कोटी डॉलर हॉटेलच्या खोल्यांवरील वाढीव करातून वसूल होतात. मुख्य रस्त्यावरील हॉटेलांना तो 0.88 टक्के पडतो. अमेरिका पाहायला येणारे आपले मामा-मावशी वेगासला गेल्याशिवाय परत जात नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा ओकलंडमधून निघालेल्या एका संघाच्या घराला पुण्या-मुंबईच्या कुटुंबांनीही हातभार लावलेला आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे येणारे काका-काकूही लावणार आहेत. मी त्यांची खोली मुख्य रस्त्यापासून दूर घेतली आहे, तिथे दर अर्धा टक्का आहे.