पीआरपी घ्यायचं का?

आज मावसबहिणीबरोबर परळला डॉक्टरांकडे गेले होते. ती चौतिशीची. पाळी जवळजवळ बंद, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) खूप वाढलेलं. अंडाशयाचं काम वेळेआधीच मंदावलंय. चाळिशीच्या आत असं होणाऱ्या बायका शंभरात एक तरी असतातच, पण घरात बोलतं कोण?

आधी एका ठिकाणी तिला पीआरपी सुचवलं होतं. आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा काढून अंडाशयात टोचायचा. ‘अंडाशय पुन्हा तरुण होतं’ म्हणे! आजच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. जपानमध्ये कावामुरांच्या गटाने अंडाशयाचा तुकडा बाहेर काढला, औषधांनी आतली झोपलेली फॉलिकल्स (ज्यांत बीजं वाढतात त्या बारीक पिशव्या) जागी केली, तुकडा परत बसवला आणि बाळ झालं. हे 2013 मध्ये जाहीर झालं. केवढी मोठी गोष्ट! पण फॉलिकल्स उरलीच नसतील तर जागं कुणाला करणार? पीआरपीनंतरही काहींना दिवस गेलेत. मात्र या आजारात 5 ते 10 टक्के जणींना उपचारांशिवायही दिवस जातात, मग श्रेय नक्की कशाला द्यायचं?

प्रयोग करायला माझी ना नाही. पण प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे आणि त्याला प्रयोग म्हणायचं नाही, याचा मला खूप राग येतो. बायांनो, ‘ही चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवली आहे का?’ एवढं जरूर विचारा.

आणि हार्मोन्सच्या गोळ्यांबद्दल तिला कुणी सांगितलंच नव्हतं! मूल हवं असो वा नसो, हाडांसाठी आणि हृदयासाठी त्या साधारण पन्नाशीपर्यंत लागतात. सोमवारी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आहे. दात्या स्त्रीच्या बीजाबद्दल ती नवऱ्याशी बोलणार आहे.